नुसते नर

रोह्याच्या आमच्या घरात पूर्वी टीव्ही होता त्या कोपऱ्यात आता दोन फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात नऊ गप्पी मासे आहेत, आणि नऊच्या नऊ नर. गणपतीत पाहुणे येतात, आधी देवाला हात जोडतात, प्रसाद तोंडात टाकतात आणि मग टाकीपाशी रेंगाळतात. शेपट्यांचं कौतुक होतं. मग कुणीतरी विचारतंच, "यांच्यात मादी एकही नाही?" नाही म्हटलं की एखादी मावशी हळहळते, "बिचारे!" बिचारे वगैरे काही नाहीत ते. पण तिला काय सांगणार, की ज्या चुकीसाठी नोकरीत मी साहेबांची बोलणी खाल्ली, तीच चूक आता मी हौसेने आणि पदरचे पैसे घालून करतो आहे.

मी हिवताप खात्यातला आरोग्य कर्मचारी, आता निवृत्त. घर रोह्याला आणि नोकरीची बरीचशी वर्षं पेण तालुक्यात. त्यामुळे निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर ही स्टेशनं पाढ्यासारखी पाठ. मी लागलो तेव्हा कार्यक्रमाच्या नावात 'हिवताप निर्मूलन' होतं, ते १९५८ पासूनचं. १९९९ मध्ये त्यातलं 'निर्मूलन' गेलं. २००३-०४ ला 'कीटकजन्य रोग नियंत्रण' आलं. पाट्या रंगवणाऱ्याला तेवढं काम मिळालं, आमचं काम तेच राहिलं. घरोघर जायचं, ताप कुणाला आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, आणि टॉर्च घेऊन पाण्याच्या प्रत्येक भांड्यात डोकं घालायचं. पिंप, रांजण, सिमेंटची टाकी, फ्रिजच्या पाठीमागचा ट्रे, अंगणातला टायर, करवंट्या. शंभर घरांत किती घरी अळ्या सापडल्या तो हाऊस इंडेक्स, शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती तो ब्रेटू इंडेक्स. अळ्या दिसल्या की पाणी ओतून टाकायला सांगायचं. ओतता येत नसेल तर अॅबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध. नाहीतर गप्पी.

'ओतता येत नसेल तर' ही ओळ खारेपाटासाठीच लिहिली असावी. वडखळच्या अलीकडे-पलीकडे, खाडीला लागून जी गावं आहेत तिथे पावसाळ्यात अंगणात पाणी आणि होळी जवळ आली की प्यायला पाणी नाही. विहीर खणावी तर खारट. हेटवणे धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी नवी मुंबईचीही तहान भागवतं आणि इथल्या बायका टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसतात. अशा घरी ओटीवर ओळीने निळी पिंपं उभी असतात, एकेक दोनशे लिटरचं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी उपडी करून कोरडा दिवस पाळा, असं त्या बाईला सांगायला जीभ रेटत नाही. मी ते सांगायचो, कारण पत्रकात होतं. एका आजीने माझ्या हातातल्या डब्यात डोकावून विचारलं होतं, "बाला, यो पियाचा पानी हाय, त्यान मासं कला टाकतस?" मी पिण्याचं पिंप सोडून वापरायच्या पिंपात चार गप्पी टाकले. पुढच्या फेरीला गेलो तर आजीने पिंपावर फडकं बांधलं होतं, मांजर येऊ नये म्हणून. मासे तिचे झाले होते.

गप्पी या नावावर आश्रमशाळेतली पोरं फार हसायची. 'गप्पा मारणारा मासा' म्हणून त्यांनी पोट धरधरून हसून घेतलं की मग पुढचं ऐकायची. खरी गोष्ट अशी की लेचमिअर गप्पी नावाचा एक इंग्रज वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहत होता, पुढे तिथला शाळा तपासनीस झाला. त्याने हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञाने त्याचं नाव माशाला दिलं. नंतर लक्षात आलं की हाच मासा १८५९ मध्येच एका जर्मनाने व्हेनेझुएलातून वर्णन करून ठेवला आहे. शास्त्रीय नाव जर्मनाचं टिकलं, बोलायचं नाव तपासनिसाचं. भारतात हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच डासांसाठी आला. त्याचा भाऊबंद गंबुशिया १९२८ मध्ये इटलीहून आला. म्हणजे आमच्या खात्याच्या कितीतरी आधीपासून हे नोकरीत आहेत.

आता ती चूक.

आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटची पैदास टाकी होती. गुडघ्याएवढी खोल, तळाशी गाळ, कडेला शेवाळ, पाण्यात कुणीतरी आणून टाकलेली हायड्रिला ही पाणवनस्पती. वर निळ्या रंगात 'गप्पी मासे पैदास केंद्र'. पावसाच्या तोंडावर सगळ्या उपकेंद्रांचे कर्मचारी मासे न्यायला यायचे. गप्पीची मादी नराच्या जवळजवळ दुप्पट, पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते, पोट टम्म, चाल संथ. त्यामुळे गाळणी घातली की आधी तीच हाती लागते. मी त्या दिवशी रोह्याहून गाडीने आलो, गाडी उशिरा, पोचेपर्यंत दुपार. बाकीच्यांनी मोठाले मासे नेले होते. मी चहाच्या गाळणीने उरलेसुरले बारीक, चपळ मासे पकडले, पंधरा मोजले, डब्यात भरले आणि एका वाडीवरच्या आश्रमशाळेच्या टाकीत सोडले. रजिस्टरच्या रकान्यात लिहिलं: सोडलेल्या माशांची संख्या १५.

दोन-अडीच महिन्यांनी पर्यवेक्षक साहेबांबरोबर तिथे गेलो. टाकीत अळ्या वळवळत होत्या आणि मासे उरले होते तीन. पैदास शून्य. साहेबांनी गाळणी मागितली, एक मासा तळहातावरच्या पाण्यात घेतला, उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही नुसते नर टाकलेत!" पोटाखालचा मागचा पर त्यांनी नखाने दाखवला. मादीचा हा पर लहानशा पंख्यासारखा, नराचा काडीसारखा टोकदार आणि मागे वळलेला. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग असतो, तो नराला नाही. एवढं मला माहीत नव्हतं, कारण रजिस्टरला नर-मादीचा रकानाच नव्हता. पुढे वर्षभर मासिक सभेत माझं नाव निघालं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "नुसते नर." नावापेक्षा तेच जास्त चिकटलं.

त्या चुकीने मला लिंग ओळखायला शिकवलं आणि टीसीएलने पाणी ओळखायला. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतो: नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे, पाणी पिण्याजोगं. हे आमचंच काम. त्याच विहिरीत गप्पी सोडणं हेही आमचंच काम. एकदा एका गावात मी सकाळी मासे सोडून आलो आणि दुपारी शिपायाने पावडर टाकली. दुसऱ्या दिवशी मासे पोटं वर करून. पाणी मात्र पिवळं, म्हणजे उत्तम! दोन्ही कागद माझ्याच सहीचे. त्यानंतर पिण्याच्या विहिरीत मी एकही मासा सोडला नाही आणि कुणाला विचारलंही नाही.

रंगीत गप्पीची ओढ मात्र मला हमरापूरला लागली. हमरापूर-जोहे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं. शाडू भिजत घालायची पिंपं, अर्धवट वापरलेले रंगाचे डबे, बाहेर टाकलेले जुने साचे, आणि त्यांत पावसाचं पाणी. अळ्या शोधणाऱ्याला त्याहून चांगली जागा नाही, आणि जून-जुलैत तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. एका कारखान्यात आखणी करणारे काका होते. मूर्तीचे डोळे आखायचं काम एखाद-दुसऱ्याच हाताकडे असतं, बाकीचे अंग रंगवतात. काकांच्या खिडकीत एक काचेची बरणी असायची. बरणीत हायड्रिलाची काडी आणि चार गप्पी. तेही नर. काका दहा-बारा मूर्तींचे डोळे आखून झाले की ब्रश खाली ठेवायचे आणि बरणीकडे बघत बसायचे. म्हणाले, "डोळे शिणले की यांच्याकडे बघतो. माद्या त्या पिंपात आहेत, तुमच्या डासांसाठी. नर इथे."

मी विचारलं, "चारच का?"

"दोन ठेवले होते. एकाने दुसऱ्याला जगू दिलं नाही. चार झाल्यापासून कुणाला कुणावर डूख धरायला सवडच नाही."

बरणीत मासे ठेवणं वाईट, हे मला आज कळतं. तेवढ्याशा पाण्यात श्वास पुरत नाही आणि घाण साठते. पण काकांचं ते एक वाक्य पुढे मी वाचलेल्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त कामाला आलं.

निवृत्त झालो तेव्हा मुलाने विचारलं, "बाबा, काय घेऊ तुम्हाला?" मी टाकी सांगितली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास. वीस वर्षं गप्पी सांभाळलेला माणूस, मला कुणाला विचारायची गरजच काय! टाकी धुतली, खडी धुतली, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, दिवा लावला आणि त्याच संध्याकाळी मुंबईहून आणलेले आठ रंगीत नर आत सोडले. दिवा-रोहा गाडीत पिशवी मांडीवर धरून बसलो होतो, शेजारच्या बाईने आपल्या पोराला खिडकी सोडून माझ्याकडे बसवलं होतं. आठव्या दिवशी आठवा मासा मेला.

बायको म्हणाली, "अहो, लोकांच्या पिंपात कधी मेले नाहीत, आपल्याकडेच कसे मेले?" गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. हिवतापवाल्याच्या घरी गप्पी मेले.

कारणं दोन होती आणि दोन्ही माझ्या ओळखीची. पहिलं नळाच्या पाण्यातला क्लोरीन. आयुष्यभर ज्याचा पिवळा रंग बघून मी समाधानाने सही केली तोच. दुसरं कारण त्या स्वच्छपणात होतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो पचवून निरुपद्रवी करणारे जीवाणू खडीवर, फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वस्ती करतात, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. केंद्रामागच्या टाकीतला गाळ आणि शेवाळ, जे मी दर पाहणीत 'अस्वच्छ' म्हणून लिहायचो, ते हे काम न बोलता करत होतं. नव्या कोऱ्या टाकीत ते करायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी ओटी टेस्टची जुनी नळी काढली. पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवायचं, पिवळं होत नाही हे बघायचं, मगच टाकीत. फिल्टर रिकाम्या टाकीवर महिनाभर चालवला, चिमूटभर खाणं टाकत राहिलो, केंद्रातल्या टाकीची हायड्रिला आणून टाकली. आणि एक गोष्ट खारेपाटाने शिकवली होती. मचूळ पाण्याच्या तळ्यातही गप्पी खुशाल असतो, उलट अगदी मऊ पाणी त्याला मानवत नाही. आमचं पाणी कुंडलिकेचं, पाहुणे म्हणतात डाळ काय छान शिजते, म्हणजे मऊ. रविवारी घरी तिसऱ्या होतात. त्यांच्या मूठभर शिंपल्या उकळून, घासून, फिल्टरच्या कप्प्यात टाकल्या. त्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो. बायको म्हणते, माशांना माशांचंच घातलंत.

मग परत मासे आणले. या वेळी जवळच्या एका दुकानातून सात नर. दुकानदार जाळीने पटापट उचलत होता आणि म्हणत होता, "रंग आहे ना शेपटीला? मग नरच." मी मान डोलावली. साहेबांनी नखाने दाखवलेला पर बघायला मला अर्धा मिनिट पुरलं असतं. पण समोर मोराच्या रंगाच्या शेपट्या फडफडत असताना पोटाखाली कोण बघतो! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सहा मासे एकाच्या मागे आहेत. तो सातवा फिल्टरच्या नळीमागे उभा, शेपटीच्या कडा झिजलेल्या. दुकानातल्या जातिवंत माद्यांच्या शेपटीलाही थोडा रंग असतो. ती मादी होती.

नर गप्पी मादीपुढे कसा नाचतो ते एकदा बघाच. तो तिच्या पुढ्यात आडवा येतो, अंग एस अक्षरासारखं वाकवतो, सगळे पर ताणतो आणि त्या स्थितीत थरथरतो. दोन-तीन सेकंदच, पण रंग असा उजळतो की आत दिवा लागला की काय वाटावं. एका नराने हे केलं तर सोहळा. सहा नरांनी एकाच मादीपुढे दिवसभर केलं तर छळ. तिला खाणं पुरतं घेता येत नव्हतं. म्हणूनच माद्या ठेवायच्या तर एका नराला दोन-तीन तरी ठेवाव्यात असं म्हणतात, आणि मग पिल्लांचा हिशेब ठेवायला वेगळा माणूस लागतो.

मी तिला उचलून बादलीत हायड्रिलासह एकटी ठेवली. पंधरवड्याने बादलीत अकरा पिल्लं. म्हटलं ठीक, पोटुशी आली होती. महिन्याने पुन्हा पिल्लं, या वेळी वीस-बावीस. त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा. बादलीत नर नाही, कुणी टाकला नाही. बायको माझ्याकडे आणि मी बादलीकडे बघत राहिलो. गप्पीची मादी नराचं वीर्य पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि एका भेटीवर अनेक वेतं काढते. आश्रमशाळेच्या टाकीत माझ्या पंधरा नरांऐवजी त्या दिवशी अशी एक मादी पडली असती, तर टाकी भरली असती आणि माझं नाव राहिलं असतं.

पिल्लं पाच-सहा आठवड्यांची व्हायच्या आत वेगळी करावी लागतात, कारण तोवर नरांची काडी दिसू लागते आणि मग उशीर झालेला असतो. भिंग घेऊन मी रोज सकाळी बादलीशी बसायचो. पोस्टमन विचारायचा, काका, हिरे तपासताय का? माद्या मोठ्या केल्या आणि डब्यात घालून केंद्राच्या टाकीला देऊन आलो. तिथला नवा मुलगा म्हणाला, "सर, रंगीत आहेत हो!" मी सांगितलं, रंग दोन-चार पिढ्यांत मावळेल, भूक तेवढी राहील. त्या पिल्लांतले चार नर निवडून टाकीत सोडले. दरम्यान दुकानातल्या सहांपैकी एक गेला होता. नऊ झाले ते असे.

आता नुसत्या नरांबद्दल. लोकांना वाटतं मादी नाही म्हणजे भांडण नाही. तसं काही नसतं. नर एकमेकांपुढेही अंग वाकवून थरथरतात, एकमेकांना हुसकतात, खाण्याच्या कोपऱ्यावर हक्क सांगतात. नव्याची तर पहिले चार दिवस परीक्षाच. पण काकांचं म्हणणं खरं ठरलं. दोघातिघांत एकाचा बळी जातो. सात-आठ झाले की राग वाटला जातो. शिवाय ते सगळे साधारण एका मापाचे आणि एका घडणीचे असावेत. लांब झुबकेदार शेपटीचा नर शेपटी ओढत पोहतो, आखूड शेपटीचा चपळ नर त्याला सतत कुरतडतो. कुरतडलेल्या शेपटीला पांढरी बुरशी धरते, मग वेगळ्या भांड्यात चिमूटभर जाडं मीठ आणि आठवडाभर वाट. टाकीच्या मध्यावर झाडाची दाट भिंत हवी, म्हणजे एकाला दुसरा सतत दिसत नाही. नजरेआड झालेला शत्रू माशाला फार वेळ आठवत नसावा. माणसांच्या तुलनेत हे बरंच सुखाचं म्हणायचं.

शेजारी कोण चालतील यावर मी पैसे घालवले आहेत, तेव्हा सांगायचा अधिकार आहे. टायगर बार्ब मुळीच नको, त्याचा धंदाच शेपट्या तोडायचा. फायटर नको, त्याला गप्पीची पसरलेली शेपटी म्हणजे दुसरा फायटर वाटतो. एंजल लहानपणी गोड असतो आणि मोठा झाल्यावर गप्पी गिळतो. मॉलीच्या माद्या सोडल्या तर माझे नर त्यांच्याच मागे लागले, आकाराने तिप्पट असूनही. सध्या तळाशी पाच कोरी आहेत, मिशीवाले, खाली पडलेलं खाणं वेचतात आणि वरच्या कुणाच्या अध्यात-मध्यात नसतात. आणि गोगलगायी, त्या मी आणल्या नाहीत, हायड्रिलाबरोबर आल्या. पावसात वीज गेली की बॅटरीवरचा पंप लावतो. तो नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडायची, रात्रीच्या अंधारात, दर दहा मिनिटांनी. हे मी एकदा पहाटेपर्यंत केलं आहे.

जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या ओढ्यांतले गप्पी अभ्यासले, त्याचं काम १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे गप्पी खाणारे मोठे मासे आहेत तिथले नर फिके, जिथे नाहीत तिथले नर भडक, आणि शत्रू काढून घेतला की काही पिढ्यांतच रंग चढतो, असं त्याने दाखवलं. हे वाचलं तेव्हा मला खारेपाटातली तळी आठवली. तिकडे घरापुढच्या तळ्यात जिताडा पाळतात. मोठा झाला की तो लग्नात, नाहीतर साहेबाच्या घरी जातो, अशी जुनी थट्टा आहे. जिताड्याच्या तळ्यातले गप्पी मला नेहमी मळकट दिसायचे, गवताच्या मुळाशी लपलेले. बंद पिंपातल्या नरांवर मात्र नारिंगी ठिपका ठसठशीत. माझ्या नजरेचा खेळही असेल. तेव्हा मी मोजत होतो, बघत नव्हतो.

आणि एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, ते लिहूनच टाकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ओढ्यात, शेततळ्यात, गटारात, जिथे पाणी दिसेल तिथे गप्पी सोडले. आकडा वाढायचा. आमच्या ओढ्यांत डोक्यावर रुपेरी टिकली असलेला एक लांबट मासा असतो, पाण्याच्या पृष्ठभागालगत तरंगतो, पँचॅक्स म्हणतात त्याला. तोही अळ्याच खातो. तो इथलाच, त्याला कुणी नेमणूकपत्र दिलं नव्हतं आणि कुणी रजिस्टरात लिहिलं नाही. काही ठिकाणी आता गाळणी घातली की गप्पीच येतात. ते माझ्यामुळे की गटाराच्या पाण्यामुळे, हे कुणी तपासलेलं नाही. पण बंद पिंप, हौद, सिमेंटची टाकी इथेच गप्पी शोभतो, वाहत्या पाण्यात नाही, हे माझं मत झालं आहे आणि ते मी केंद्रातल्या नव्या पोरांना जाऊन सांगतो.

माझ्या नवांतला सगळ्यात जुना नर आता दोन वर्षांच्या पुढे गेला. पाठीला बाक आला आहे, शेपटी फाटली आहे, नाचायला जातो आणि मध्येच थांबतो. बाकीचे त्याला त्रास देत नाहीत, बहुधा त्याला मोजतच नाहीत. खाणं टाकलं की तो उजव्या कोपऱ्यात येतो, म्हणून पहिली चिमूट मी तिथेच टाकतो.

गणपतीनंतर आणि परीक्षांच्या आधी अनेक घरांतल्या टाक्या रिकाम्या होतात, आणि मासे पिशवीत घालून कुंडलिकेत किंवा भोगावतीत सोडले जातात, पुण्य म्हणून. तसं करू नका. गप्पीच्या माद्या असतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, पैदास टाकीला त्या लागतातच. नर असतील तर माझ्याकडे आणा. दोन फुटी टाकीत अजून तिघांची जागा आहे.